टाकी भरली की येणारा वास

४ फेब्रुवारी

प्रिय मामा,

टिटवीला आज कशी आठवण झाली, असं तू म्हणणारच. आठवण रोज येते, काम आज निघालं. मस्का न लावता सांगते: तुझी गाडी गळते आहे.

गॅरेज बंद केलंस त्या दिवशी किल्ली माझ्या हातात ठेवून "आता ही तुझी" म्हणालास, त्याला दोन वर्षं झाली. पण धड चालते तेव्हा ती माझी आणि बिघडली की तुझी, असं मी ठरवून टाकलंय.

झालं असं. महिन्याभरापूर्वी ती चढावर आचके द्यायला लागली. आमचं आरोग्य केंद्र टेकडीच्या मध्यावर, आणि माझं अर्धं काम वरच्या वस्त्यांतल्या गरोदर बायकांचं. तिथे दुसरं वाहन जात नाही. टाकीत गंज झाला होता. मग इथल्या मिस्त्रीने टाकी उतरवून धुतली आणि पेट्रोलचं सगळंच नवं टाकलं: पंप, फिल्टर, रबरी पाइप, पेट्रोल किती ते काट्याला सांगणारा टाकीतला फ्लोट. गाडी अशी पळायला लागली की काय सांगू! आणि चौथ्या दिवशी वास. मागच्या डाव्या चाकाजवळ हाताच्या तळव्याएवढा ओला डाग. दोन दिवसांनी डागही नाही, वासही नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा दोन्ही हजर.

आमचे मास्तर म्हणतात, गाडीत बसलं की पेट्रोलपंपावर नोकरी लागल्यासारखं वाटतं. त्यांची सिगारेट मी अंगणाच्या टोकाला, भिंतीपाशी हाकलली आहे. तिथे ते शिक्षा झालेल्या विद्यार्थ्यासारखे उभे असतात.

दोन दिवसांसाठी येशील का? आई म्हणते, त्याला बोलावू नकोस, तो हल्ली कुठेच जात नाही. पण मी म्हटलं, माझ्याकडे येईल.

तुझी,
टिटवी

---

११ फेब्रुवारी

चि. टिटवी,

पत्र पोचलं. यायचं जमणार नाही. माझे गुडघे बोलतात, तुझ्या मामीचं ब्लडप्रेशर बोलतं, आणि दोघं एकदम बोलायला लागले की माझं कोणी ऐकत नाही. पण गाडी मी इथून बघतो.

पहिलं म्हणजे आजपासून ती चालवायची नाही. बॅटरीची वायर काढून ठेव. छपराखाली नको, उघड्यावर उभी कर. जावईबापूंना सांग, भिंत पुरे नाही, ओढायचीच असेल तर पुढच्या गावी जाऊन ओढा. वाकून बघशील ते लख्ख उजेडात. काडी नाही, मेणबत्ती नाही, उघडा बल्ब नाही.

आता शोध कसा घ्यायचा ते सांगतो. थेंब जिथे पडतो तिथे गळती असेलच असं नाही. पेट्रोल वर कुठेतरी निघतं, पत्र्याच्या कडेकडेने चालत येतं आणि सोयीची जागा बघून खाली उडी मारतं. म्हणून आधी सगळं फडक्याने कोरडं कर. मग प्रत्येक जोडावर अंगाला लावायची पावडर भुरभुरव. खाली वर्तमानपत्र पसर. चार तास गाडी नुसती उभी ठेव आणि बघ. पावडर जिथे आधी काळवंडेल तिथे चोर. आणि नव्या मालावर विश्वास ठेवू नकोस. गाडी आधी गळत नव्हती, कोणीतरी हात लावला आणि गळायला लागली, तर हात जिथे लागला तिथेच शोधायचं.

आणि वासाचं नीट लिही. कच्च्या पेट्रोलचा की धुराचा? डिकीत जास्त की मागच्या सीटपाशी? गाडी उभी असताना की पळताना? सकाळी की ऊन चढल्यावर? वास कसा येतो ते शब्दांत मांड, कंटाळा करू नकोस. तुला वाटेल म्हातारा एकाच गोष्टीच्या मागे लागलाय, पण लिही.

एक चित्र काढून पाठव. टाकीपासून इंजिनापर्यंत कोणता पाइप कुठे, क्लॅम्प कसे बसवलेत, सगळं. आणि हा मिस्त्री कोण? नाव-गाव काहीच लिहिलं नाहीस.

मामा

---

१७ फेब्रुवारी

प्रिय मामा,

मी हरले. सगळं पुसलं, सगळ्या जोडांवर पावडर टाकली, मास्तरांचं अख्खं रविवारचं वर्तमानपत्र गाडीखाली अंथरलं. चार तासांनी पावडर पांढरी शुभ्र आणि पेपर कोरडा. मास्तरांनी तो काढून तिथेच बसून वाचला. पाहुण्यांसमोर पोरं शहाण्यासारखी वागतात, तसं पेट्रोल वागलं.

वास विचारलास. आत्ता डिकीत अगदी पुसट आहे, कच्च्या पेट्रोलचा. इतर दिवशी असतो तेव्हा मात्र घशात जाऊन बसतो, गोडसर आणि बोचरा. मागच्या सीटपाशी त्याहून कमी. समोर नाहीच.

चित्र सोबत आहे. चारही क्लॅम्प जसे आहेत तसे काढलेत, स्क्रूच्या डोक्यांसकट. फ्लोट टाकीच्या डोक्यावर, डिकीतल्या झाकणाखाली आहे. तिथे पावडर टाकली नाही, पण तो नवा कोरा आहे, त्याचं काय बघायचं!

मिस्त्रीचं सोड, तो महत्त्वाचा नाही.

मामा, आता एक विचारते. तू रागावला आहेस का? तुझ्या गाडीला परक्या माणसाचा हात लावला म्हणून? दोन वर्षांत तू एकदाही आलेला नाहीस. माझ्या नव्या घरी नाही, आईच्या साठीला नाही. तेव्हाही गुडघेच होते. आणि मामी सांगते, रोज संध्याकाळी तळ्यापर्यंत चालत जाऊन येतोस. मग हे गुडघे फक्त नातेवाइकांकडे यायलाच दुखतात का?

लिहून टाकलं. पुसत नाही.

टिटवी

---

२४ फेब्रुवारी

चि. टिटवी,

चित्र फार छान आलंय. इतकं छान की त्यात तुझा मिस्त्रीही दिसला.

चारही क्लॅम्पच्या स्क्रूंची डोकी डाव्या अंगाला आहेत. गाडीखाली पाठीवर झोपून, डाव्या हाताने पेचकस फिरवणारा माणूसच ते तसे बसवतो. मी पस्तीस वर्षांत असा एकच माणूस पाहिला. तो नऊ वर्षांचा होता, दोन वेण्या घालायचा आणि माझे पाने पळवायचा.

तू स्वतः केलंस ना सगळं?

"पेट्रोलला आणि ब्रेकला शिकाऊ हात नाही" असं मी तुला तेव्हा बजावलं होतं, म्हणून लपवलंस. बरोबर? आता ओरडून उपयोग नाही. क्लॅम्प चांगले आवळलेत. हे कौतुक नाही, निरीक्षण आहे.

आता नीट आठवून लिही. जेव्हा जेव्हा वास आला तेव्हा काटा कुठे होता? पावडर टाकलीस त्या दिवशी कुठे होता? मला काहीतरी दिसतंय, पण तुझ्याकडून ऐकल्याशिवाय बोलणार नाही. तोवर गाडी जागची हलवू नकोस.

राग नाही. तुझ्यावर कधी धरला नाही आणि धरणारही नाही. बाकीचं राहू दे.

मामा

---

२ मार्च

प्रिय मामा,

हो, मीच केलं. खालचा मिस्त्री म्हणाला दोन आठवडे लागतील. बाळं दोन आठवडे थांबत नाहीत. दोन रविवार आणि तुझ्या शेडमध्ये शिकलेलं सगळं वापरलं. तुला कळलं की बोलशील, म्हणून मिस्त्री उभा केला. तो इतका लवकर पकडला जाईल असं वाटलं नव्हतं.

आता दुसरी कबुली. हे वाचताना खाली बस.

मी गाडी चालवली.

परवा दुपारी दोनला वरच्या वस्तीतून माणूस धावत आला. पहिलटकरीण, सकाळपासून कळा, बाळ आडवं. अँब्युलन्स दुसऱ्या टोकाला गेलेली, यायला तीन तास. तुझं पत्र माझ्या कपाटावरच होतं, मामा. "जागची हलवू नकोस". मी ते वाचलं आणि बॅटरीची वायर जोडली.

डिकी उघडून हुंगलं. वास अजिबात नव्हता. काटा अर्ध्यावर. खिडक्या चारही उघड्या ठेवल्या. तिचा सासरा पुढे बसला आणि बसल्याबरोबर खिशातून सिगारेट काढली. मी ती त्याच्या तोंडातून उपटून बाहेर फेकली. म्हणाला, "बाई, माझं डोकं फुटायची वेळ आलीय." मी म्हटलं, "गाडी फुटायच्या आधी तुमचं डोकं फुटलेलं परवडेल." मग पार दवाखाना येईपर्यंत त्याने दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरून ठेवला. मागे ती पोर माझं नाव घेऊन ओरडत होती आणि मी मनात तुझं नाव घेत होते.

मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत.

आणि आता ऐक. जाताना चढ, उतार, खड्डे, सगळं झालं, पण वासाचा लवलेश नाही. येताना दवाखान्याजवळ टाकी गळ्यापर्यंत भरली, आणि तीन किलोमीटरमध्ये डोळ्यांत पाणी यायला लागलं! तिथेच गाडी रस्त्याच्या कडेला लावली आणि पायी घरी आले. पावडर टाकली त्या दिवशी काटा अर्ध्यावर होता. टाकी भरली की गळते, अर्धी असली की नाही. म्हणजे गळती वर आहे ना? टाकीच्या डोक्यावर?

मला बोल. पण हेही सांग, मी बरोबर आहे का?

टिटवी

---

७ मार्च

टिटवी,

बरोबर आहेस. फ्लोटपाशी आहे. त्याला हात लावू नकोस. भरलेल्या टाकीवर तर अजिबात नाही. निम्मं पेट्रोल जाणत्या माणसाकडून काढून घे, लोखंडी डब्यात, उघड्यावर.

आणि बाकीचं. तू गाडीत एक बाई, तिचं पोर, एक म्हातारा आणि स्वतःला घातलंस आणि गळक्या टाकीवर बसून डोंगर उतरलीस. "वास नव्हता" म्हणतेस. वास नव्हता म्हणून पेट्रोल नव्हतं, हे तुला कोणी सांगितलं? नाक फसवतं. नाकावर विसंबून माणसं होत्याची नव्हती होतात. तुला काय माहीत! पेट्रोलची वाफ दिसत नाही, बोलत नाही, आणि एक ठिणगी पडली की "थांब" म्हणायलाही वेळ मिळत नाही.

मी येऊ शकत नाही. कारण विचारू नकोस. एखादा चांगला माणूस बघ आणि त्याच्याकडून करून घे.

मामा

---

८ मार्च

पोरी,

ह्यांचं पत्र तुला एक दिवस आधी मिळेल. ते लिहून झाल्यावर हे तासभर जिन्यात बसून होते. म्हणून मी हे लिहितेय. ह्यांना सांगू नकोस.

ह्यांना वास येत नाही. दोन वर्षांपूर्वी तो मोठा ताप आला होता ना, त्यानंतर नाकच गेलं. महिनाभर कोणाला बोलले नाहीत, मला वाटतं स्वतःलाही नाही. मग एक दिवस शेडमध्ये एक गाडी आली होती. तिच्याखाली पेट्रोलचं थारोळं झालेलं, आणि हे चार हातांवर ग्राइंडर लावून पत्रा घासत होते. मी चहा घेऊन दारात गेले आणि मला वास आला. "अहो, पेट्रोल" एवढंच म्हणाले, तोवर भडका उडाला. ह्यांनी मला ढकललं की मी ह्यांना ओढलं, यावर आमचं अजून एकमत नाही. माझा दंड भाजला. तुम्हा सगळ्यांना शेगडीचं सांगितलं. त्याच आठवड्यात शेडला कुलूप लागलं आणि गाडी तुला दिली.

तेव्हापासून कुणाकडे जात नाहीत. दूध करपलं तरी कळत नाही. कोणी हौसेने फूल पुढे केलं की खोटं हसावं लागतं. त्यांना वाटतं, कळलं तर लोक म्हणतील मिस्त्री संपला.

तुझी पत्रं मात्र दोन-दोनदा वाचतात. वासाचं लिहितेस तो भाग तर मोठ्याने. "गोडसर आणि बोचरा. बरोबर आहे, अगदी तसाच असायचा," असं परवा म्हणाले. इतक्या दिवसांत मी त्यांना इतकं खूश पाहिलं नव्हतं.

तू रागावू नकोस. त्यांना तुझ्याकडे यायचंय. यायची भीती वाटते, एवढंच.

मामी

---

१३ मार्च

प्रिय मामा,

तू कारण विचारू नकोस म्हणालास, म्हणून विचारत नाही. सांगते.

मी परिचारिका आहे, हे तुम्ही सगळे विसरता. मोठ्या तापानंतर वास गेलेली माणसं मी पाहिली आहेत. तुझी सगळी पत्रं समोर ठेवली. त्यांत "वास" हा शब्द मी मोजायला घेतला आणि दमून सोडून दिला. आणि नाकावर इतका चिडलेला मिस्त्री मी आजवर पाहिला नाही.

दुसरं. शेगडीने भाजलं तर तळवा भाजतो, बोटं भाजतात. मामीचं कोपराच्या मागून वर गेलंय. ते मी दोन वर्षांपूर्वीच पाहिलं होतं. माझ्या डोळ्यांना कळलं होतं की ही शेगडी नव्हे. पण तुम्ही दोघं सारखेच हसून बोलत होता, म्हणून मी विचारलं नाही. रोज परक्यांना खोदून खोदून विचारते आणि घरच्यांना विचारायला लाजले. चूक माझीही आहे.

नाक बंद झालं म्हणून मिस्त्री संपत नाही. संपतो तो न सांगितल्याने. त्या दिवशी मामीला आधी बोलावून "जरा हुंग गं" म्हणाला असतास, तर चहा पिऊन झाला असता आणि गाडी आजही तुझ्याच शेडमध्ये असती. हे कठोर वाटेल. मी रुग्णांशी असंच बोलते, आणि ते बरे होतात.

आता कामाचं. मला तुझं नाक नकोय. नाक माझ्याकडे आहे, चांगलं लांब, तुमच्याच घराण्याचं. मला तुझी बोटं हवी आहेत. पेट्रोल काढून घेतलंय, टाकी जवळजवळ रिकामी, गाडी दोरीने ओढून अंगणात आणलीय. दुसरा माणूस मी बघणार नाही. पुढच्या महिन्यात वर चार बायकांचे दिवस भरतायत. तेव्हा ये.

टिटवी

---

१७ मार्च

चि. टिटवी,

शुक्रवारी दुपारच्या बसने येतो. पान्यांची पेटी आणतोय. जड आहे, जावईबापूंना स्टँडवर पाठव. सिगारेटशिवाय.

तुझी मामी म्हणते तिने तुला काहीही लिहिलेलं नाही. मी विचारायच्या आधीच म्हणाली. म्हणजे लिहिलंय.

तू लिहिलंस ते कठोर होतं. तीनदा वाचलं.

मामा

---

२५ मार्च

प्रिय मामी,

मामा उद्या निघेल. त्याच्याआधी हे पोचणार नाही, तरी लिहिते, कारण तो स्वतः तुला अर्धंच सांगेल.

आल्या आल्या चहासुद्धा घेतला नाही. अंगणात गाडीला फेरी मारली, बॉनेटवर हात ठेवला आणि म्हणाला, "बारीक झालीस गं." मला वाटलं मला म्हणतोय.

मग डिकीतलं झाकण उघडलं. मला म्हणाला, "हुंग. दहापैकी किती?"

"इथे आठ."

"या बाजूला?"

"तीन."

"आणि इकडे, कडेला?"

"दहा, मामा. दहाच्या वर."

त्याने तिथे बोट ठेवलं, मग नुसतं नख फिरवलं. डोळे मिटले. आणि हसायला लागला. "इथे दोन वॉशर आहेत."

मामी, फ्लोटखालचं जुनं रबरी वॉशर मी काढलंच नव्हतं. ते वाळून टाकीच्या रंगाचंच झालं होतं, मला पत्राच वाटला. त्याच्यावर नवं ठेवून मी सहाही स्क्रू जीव खाऊन आवळले होते. एका कडेला केसभर फट राहिली होती. टाकी भरली की पेट्रोल तिथून बाहेर, टाकीच्या पाठीवरून डावीकडे, आणि चाकापाशी टपटप. माझा चेहरा बघून म्हणाला, "मी पहिल्या वर्षी हेच केलं होतं. माझ्या उस्तादाने ते जुनं वॉशर आठवडाभर माझ्या शर्टाच्या गुंडीला अडकवून ठेवलं." मी विचारलं, माझ्याही अडकवणार का? म्हणाला, "तू नर्स आहेस, पेशंट घाबरतील."

जुनं त्याने लाकडी पट्टीने खरवडून घेतलं. लोखंडी हत्यार नको म्हणाला, ठिणगी नको. आणि मग पाना माझ्या हातात दिला. समोरासमोरचे स्क्रू थोडे थोडे कसे आवळायचे, ते शेजारी बसून सांगत राहिला. तिसरा स्क्रू चालू असताना, माझ्याकडे न बघता, त्याने मला त्या दिवसाचं सगळं सांगितलं. तुझी किंकाळी, ग्राइंडर, तुझी पेटलेली बाही. म्हणाला, "मी तिला जाळली असती." मी पाना थांबवला. तो म्हणाला, "थांबू नकोस, अर्धवट आवळलेला स्क्रू वाईट." मग मी आवळत राहिले आणि तो बोलत राहिला. सहाही स्क्रू झाले तेव्हा आम्ही दोघंही रडत होतो आणि मास्तर चहाचे कप घेऊन कुठे बघावं ते न कळून उभे होते.

टाकी गळ्यापर्यंत भरून चढावर उभी केली. खाली पेपर. मास्तर दर अर्ध्या तासाने हजेरी घेतल्यासारखी वेळ लिहीत होते. मी हुंगत होते. शून्य, शून्य, शून्य. तरी मामाचं समाधान होईना. शेवटी गाडीखाली सरकला आणि कागदावर गाल टेकवून पडून राहिला. पेट्रोल अंगाला गार लागतं म्हणे, नाकाला नाही कळलं तरी कातड्याला कळतं. बराच वेळ पडून होता. मग आतूनच म्हणाला, "कोरडं."

काल ती वरच्या वस्तीतली मुलगी बाळाला घेऊन आली. गाडी दुरुस्त करणारे कोण ते बघायला. तिने बाळ सरळ मामाच्या मांडीवर ठेवलं. सगळेच करतात तसं त्याने बाळाच्या टाळूवर नाक टेकवलं, आणि तसाच थांबला. मग मला हळूच विचारलं, "कसा येतो गं?"

मी वाकले. म्हटलं, "कोमट दुधाचा. थोडा उन्हात वाळलेल्या कपड्यांचा. आणि मागे कुठेतरी घामाचा, अगदी नव्या घामाचा."

तो मान हलवत राहिला, प्रत्येक शब्दाला. मग म्हणाला, "हं. आला."

तुझी,
टिटवी

---

१२ एप्रिल

चि. टिटवी,

तू निघताना लिहून दिलेल्या चिठ्ठीवर नाकाच्या डॉक्टरांकडे गेलो. म्हणाले, दोन वर्षं झाली, परत येईल असं सांगवत नाही. मी म्हटलं, मलाही तसंच वाटत होतं, आता कागदावर आलं. बाहेर आल्यावर तुझी मामी रडली, मी नाही. माझं तुझ्या अंगणात झालं होतं.

सोमवारी शेड उघडलं. कोळ्यांनी संसार थाटले होते. मागची भिंत पाडून तिथे जाळी बसवतोय, वारा आरपार जायला हवा. ग्राइंडर विकून टाकला. आणि नियम केलाय: कोणतीही गाडी आत घ्यायच्या आधी मामी तिच्याभोवती एक फेरी मारणार. तिने मान हलवली नाही तर गाडी बाहेरच.

पहिलं गिऱ्हाईक काल आलं. माझ्याच वयाचा, निवृत्त टपालमास्तर. जुनी गाडी, इंजिनात कटकट आवाज. मी आधीच सांगून टाकलं, "साहेब, मला वास येत नाही. पटत असेल तर गाडी ठेवा." टिटवी, हे एवढं वाक्य बोलायला मला दोन वर्षं लागली, आणि त्याला ते ऐकूच गेलं नाही! कानाला हात लावून म्हणाला, "काय?" मी पुन्हा म्हटलं, मोठ्याने, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं. तो म्हणाला, "मग काय बिघडलं? मला डाव्या कानाने ऐकू येत नाही. आवाज येतो म्हणून बायको सांगते, म्हणून आलो." मामी दारात हसत सुटली.

दिवसभर आम्ही दोघं त्या इंजिनावर वाकलो होतो. मी ऐकायचो आणि त्याला ओरडून सांगायचो, तो टॉर्च धरायचा आणि भलतीकडेच धरायचा. चार वाजता बेअरिंग सापडलं.

संध्याकाळी हात धुवायला बसलो. दोन वर्षांनी नखांत काळं होतं. मामी म्हणाली, "अजून एकदा साबण लावा, निघेल."

मी म्हटलं, "राहू दे."

मामा